निवेदनात राहून गेलेली मागणी



थंडी पडू लागली, की आपल्या वऱ्हाडात दोन गोष्टी ठरलेल्या. हरभऱ्यावर घाटे अळी दिसू लागते आणि नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. अळीविषयी या सदरातून आपण दरवर्षी बोलतो. अधिवेशनाविषयी बोलणे हे माझे काम नव्हे. मी पिकांचा माणूस, त्यातून सरकारी नोकर. कोणत्या पक्षाने काय केले, याचा हिशेब मांडण्याचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. परंतु आपल्या शेलूबाजारच्या पंचक्रोशीत फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते, ती आज सांगितल्यावाचून राहवत नाही.

अधिवेशन जवळ आले, की गावोगाव निवेदने लिहिली जातात. "सायेब, तुमी शिकले-सवरलेले, एवढं जरा पाहून द्या बरं," असे म्हणून कोणीतरी कागद माझ्यापुढे करतो. कागदावर काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. जळालेले रोहित्र, अडकलेला पीकविमा, पाणंद रस्ता, सोयाबीनचे खरेदी केंद्र, रोही आणि रानडुकरांचा उच्छाद. सगळ्या मागण्या रास्त. एकही फुकाची नाही. पण इतक्या वर्षांत असे शेकडो कागद वाचले, त्यात "आमच्या भागाला मनाचा डॉक्टर द्या, त्याच्या गोळ्या द्या, त्यासाठी पैसा ठेवा" अशी एक ओळ मला कधी दिसली नाही. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या यादीत गेली वीस वर्षे येते आहे, त्या जिल्ह्याच्या निवेदनात ही ओळ नाही. मागणीच नाही, तर पैसा कोण ठेवणार?

आता कोणी म्हणेल, की हा सरकारचा दोष आहे, आमचा नव्हे. अर्धे खरे आहे. म्हणून आधी सरकारचा पैसा पाहू.

मनाच्या आजारासाठी देशात सरकारी कार्यक्रम नाही, असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि तो जिल्ह्यापर्यंत न्यावा म्हणून १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बाराव्या पंचवार्षिक योजनेत या जिल्हा कार्यक्रमासाठी जिल्ह्यामागे वर्षाला जास्तीत जास्त ८३ लाख २० हजार रुपये, अशी मर्यादा ठरली. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण २०११ च्या जनगणनेत आपल्या वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ १२ लाख होती. भागाकार करून पाहा. वर्षाकाठी माणशी सात रुपयेसुद्धा पुरते येत नाहीत. शेलूबाजारच्या स्टँडवर एक चहा प्यायचा म्हटले, तर तेवढ्यात भागत नाही. आणि हे सात रुपये म्हणजे वरची हद्द. तेवढे मंजूर व्हावेत, मंजूर झालेले वेळेवर यावेत, आलेले खर्ची पडावेत, या तीन फाटकांतून ते जायचे असतात.

दिल्लीच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे एक वेगळे शीर्षक असते. २०१८-१९ साली त्यापुढे ५० कोटी रुपये होते, २०१९-२० साली ४० कोटी झाले. जिल्ह्यांचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वेगळा येतो, बंगळूरच्या निम्हान्ससारख्या मोठ्या संस्थांना वेगळा मिळतो, हे मान्य. तरी सव्वाशे कोटींच्या वर लोकसंख्येचा देश आणि शीर्षकापुढे ४० कोटी! पुढे २०२२ च्या अर्थसंकल्पात फोनवरून सल्ला देणारी सेवा जाहीर झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' या नावाने ती सुरू झाली. तिच्यासाठी २०२३-२४ मध्ये सुमारे १३४ कोटी रुपये ठेवले गेले आणि लगेच पुढच्या, २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात ९० कोटी. लोकांचे फोन कमी झाले म्हणून पैसा कमी झाला, असेही नाही. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत देशभरातून अठरा लाखांवर फोन आले होते.

कायद्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मानसिक आरोग्य सेवेचा नवा कायदा राज्यसभेत ऑगस्ट २०१६ मध्ये आणि लोकसभेत मार्च २०१७ मध्ये मंजूर झाला. २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी संस्थेत उपचार मोफत. कायद्याने सांगितलेल्या किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, इथपर्यंत त्यात लिहिले आहे. चांगला कायदा, यात शंका नाही. पण कोणतेही विधेयक आणताना सोबत खर्चाचा अंदाज देणारे एक टिपण जोडतात. या विधेयकाच्या टिपणात खर्चाचा अंदाजच दिलेला नव्हता. केंद्राने किती सोसायचे, राज्याने किती, हेही त्यात नव्हते. म्हणजे सातबारावर विहीर चढवली आणि खोदाईचे पैसे कोण देणार, ते कोणी विचारलेच नाही. अशी कागदावरची विहीर किती पाणी देते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. शेतकऱ्यांच्या मनाची काळजी घेण्यासाठी म्हणून आपल्या राज्याने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. विदर्भ आणि मराठवाड्यातले चौदा जिल्हे त्यात घेतले आणि वाशिम त्यात आहे. आशाताई घरोघर जातात, दोन आठवड्यांपासून झोप कशी आहे, जेवण जाते का, कामात मन लागते का, जगणे नकोसे वाटते का, असे साधे प्रश्न विचारतात. ज्याला गरज दिसेल, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून पुढे ग्रामीण व जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरकडे पाठवायचे, अशी ती साखळी. कल्पना उत्तम. आमच्या कृषी खात्यातसुद्धा कीड सर्वेक्षण असेच असते. आधी शेतात जाऊन मोजणी, मग सल्ला, मग उपाय.

इथेच वादाला तोंड फुटते. शेतकऱ्यांसाठी समुपदेशन, हे शब्द निघाले, की एका बाजूने राग व्यक्त होतो. "शेतकऱ्याला येडं ठरवू नका. त्याच्या डोक्यात बिघाड नाही, बिघाड तुमच्या भावात आहे. भाव द्या, पाणी द्या, कर्ज फेडा, मग बघा त्याला कोणत्या डॉक्टरची गरज लागते ते!" हा राग खोटा नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या किती तरी खाली गेला, हे तुम्ही स्वतः वजनकाट्यापाशी उभे राहून पाहिले आहे. अशा माणसाला कोणी येऊन 'दीर्घ श्वास घ्या' म्हणाले, तर त्याचे डोके फिरणारच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की तोटा सगळ्या गावाला होतो, पण खचून जातात ते थोडे. तेव्हा त्या थोड्यांना वेळीच गाठा, तोपर्यंत भावाचा प्रश्न काही सुटत नाही. सरकारात जो असतो, त्याला दुसरे म्हणणे सोयीचे वाटते आणि विरोधात जो असतो, त्याला पहिले. खुर्च्या बदलल्या, की भाषणेही बदलतात. हे मी कोणा एकाला उद्देशून म्हणत नाही.

मला विचाराल तर हे भांडणच मुळात चुकीच्या बांधावर चालले आहे. पावसाचा मोठा खंड पडला, की सोयाबीनला चारकोल रॉट धरतो. मुळे काळी पडतात, झाड जागेवर वाळते. रोग बुरशीचा आहे हे खरे, पण पाण्याचा ताण नसता तर त्याने इतका जोर धरला नसता, हेही खरे. आता शेतकऱ्याने काय करावे? पाणी द्यावे, की बुरशीचा बंदोबस्त करावा? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, तो पाणी देईल आणि पुढच्या पेरणीला बीजप्रक्रियाही करील. "तुम्ही बीजप्रक्रिया मागता म्हणजे पाण्याची गरज नाही असे कबूल करता," असे कोणी म्हणाले, तर आपण त्याला हसू. मनाच्या डॉक्टरची मागणी केली म्हणून हमीभावाची मागणी पातळ होत नाही. दोन्हीचे खाते वेगळे, मंत्री वेगळा, पैशाचे शीर्षक वेगळे. हमीभावासाठी लागणाऱ्या रकमेपुढे मनाच्या उपचाराची रक्कम म्हणजे पोत्यातली मूठ आहे.

ही मूठ किती लहान, ते पाहायचे तर जुने आकडे आठवा. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. वाशिम त्यात होते. त्यातले २,१७७ कोटी सिंचनासाठी आणि ७१२ कोटी थकीत व्याजासाठी होते. त्या मोठ्या आकड्यांत मनाच्या उपचाराचा आकडा नव्हता. २०१७ साली राज्याने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली, २०१९ च्या अखेरीस दोन लाखांपर्यंतची दुसरी. त्या पैशाची गरज होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु शेतकरी गेल्यानंतर, समितीने प्रकरण पात्र ठरवले तर, त्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये द्यायचे, तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत, हा नियम २००६ पासून आपल्या अंगवळणी पडला आहे. गेल्यावर लाख, आणि तो जिवंत असताना त्याच्या मनाच्या उपचारासाठी वर्षाला सात रुपये!

आणि तो लाख मिळायला सातबारा लागतो. नावावर जमीन नसलेला मजूर, दिवसभर निंदणाला जाणारी बाई, परीक्षेच्या धास्तीने न जेवणारी पोर, यांचे मन खचले तर ते कोणत्याच पॅकेजात बसत नाही. उपचाराला मात्र सातबारा लागत नाही. अधिवेशनात बोलणाऱ्यांनी ही गोष्ट अधिक बोलली पाहिजे, असे मला वाटते. आपल्याकडे चर्चा होते ती कर्त्या पुरुषाची. त्याच्या मागे घर ओढणाऱ्या बाईला रात्री झोप लागते की नाही, हे कोण विचारते? आशाताई विचारतात, पण त्यांनी विचारून घेतलेल्या उत्तराचे पुढे काय होते, हा प्रश्न उरतो.

त्याचे एक उदाहरण सांगतो. गाव आणि नाव सांगणार नाही. आपल्याच भागातला, चार एकरांचा, कष्टाळू माणूस. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला म्हणून मी त्याच्या शेतात गेलो, तर रोगट झाडे उपटलेली नव्हती, पांढऱ्या माशीची फवारणी नव्हती, खताची गोणी घरात तशीच शिवलेली. एरवी हा माणूस मला रस्त्यात थांबवून दहा प्रश्न विचारणारा. त्या दिवशी बांधावर उभा राहिला आणि "पाहा तुमी," एवढेच म्हणाला. घरी चहाला गेलो, तेव्हा त्याची बायको दाराआडून म्हणाली, "भाऊ, ह्ये रातभर जागीच ऱ्हायते. जेवाले बसलं का उठून जाते. आमी दोनदा उतारा केला, काई फरक नाई." सासूने लगेच तिला गप्प केले. मनाच्या डॉक्टरकडे न्या म्हटले, तर सासू म्हणाली, "येड्याच्या डॉक्टरकडे नेलं तर पोरीचं लगन कसं जमंन?"

शेवटी मोठ्या भावाने मनावर घेतले. एका सरकारी दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टर भेटले, नीट बोलले, आजार आहे आणि बरा होतो असे सांगितले, महिन्याच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या महिन्यात गोळ्या संपल्या होत्या. बाहेरून लिहून दिल्या. तिसऱ्या महिन्यात डॉक्टर दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर होते. प्रत्येक फेरीला दोघांचे भाडे आणि दोघांची मजुरी बुडाली. तीन फेऱ्यांत एका एकराच्या बियाण्याचे पैसे गेले. हा माणूस आता बरा आहे, यंदा त्याने टोकण पद्धतीने तूर लावली आणि मला पुन्हा दहा प्रश्न विचारतो. पण तो बरा झाला तो भावाच्या चिकाटीने. ज्याला असा भाऊ नाही, त्याचे काय, असा विचार त्या घरातून निघताना माझ्या मनात आला होता.

डॉक्टर का नसतात, याचेही उत्तर पैशातच आहे, पण फक्त पैशात नाही. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात देशात लाख लोकांमागे मानसोपचार तज्ज्ञ पाऊणच आहेत आणि ते तीन असावेत, असे म्हटले आहे. पाऊण डॉक्टर ही भाषा विनोदी वाटते, पण हिशेब तसाच असतो. वाशिमला लावून पाहिले, तर बारा लाखांना नऊ डॉक्टर वाट्याला यायला हवेत आणि उद्दिष्टाप्रमाणे छत्तीस. हे सगळे सरासरीचे आकडे झाले. प्रत्यक्षात डॉक्टरांचा ओढा शहराकडे. पद मंजूर असले तरी कंत्राटी पगारावर इकडे कोण येणार? तेव्हा पदाला पगार बरा हवा, ही मागणीही पैशाचीच झाली.

आणखी एक गंमत सांगतो, गंमत कसली, खंतच. देशात मनाचे आजार किती, हे मोजण्यासाठी २०१५-१६ मध्ये निम्हान्सने बारा राज्यांत मोठी पाहणी केली. प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून अधिक लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हता. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. जिथे दर हंगामात शेतकरी आत्महत्यांचा आकडा देशात सर्वांत मोठा निघतो, २०२२ साली शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८, तिथली मोजणी त्या पाहणीत झाली नाही. आणेवारी झाली नाही तर नुकसान भरपाई कशी ठरणार?

पैसा घातला तर उपयोग होतो का? हा प्रश्न विचारणे योग्यच आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मिळते. तिथे तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. टाटांच्या विश्वस्त निधीचा पैसा होता, 'संगाथ' आणि 'प्रकृती' या संस्थांचे काम होते. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन उदासीनतेविषयी बोलायचे, जड प्रकरण असेल तर समुपदेशकाकडे आणि त्याहून जड असेल तर डॉक्टरकडे न्यायचे. डॉक्टर एकच असला तरी त्याच्या खाली अशी उतरंड होती. २०१७ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअट्री' या जगप्रसिद्ध मासिकात आले. उपक्रमापूर्वी उदासीनतेच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे तरी उपचाराला जात होते. नंतर सत्तावीस जाऊ लागले. वर्षभरात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. आम्हा शेतीवाल्यांच्या डोळ्याने पाहिले तर या प्रयोगात एक उणीव आहे. शेजारी उपाय न केलेला तुलनेचा वाफा नव्हता, तेव्हा सगळी घट त्या उपक्रमामुळेच झाली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण चाराचे सत्तावीस झाले, ही काही पावसाची कृपा नव्हे. लोक जवळ सोय असली की जातात, लाज मागे पडते, एवढे तरी त्यातून दिसते. मात्र दानाचा पैसा मुदतीचा असतो. तीस गावांत जे दिसले, ते सातशे-आठशे गावांत करायचे तर सरकारचाच पैसा लागेल, आणि दरवर्षी लागेल.

पैसा न लागणारी एक गोष्ट आमच्या खात्याच्या जवळची आहे, ती मध्येच सांगून टाकतो. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशके एकेक करून बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. पिकांचे उत्पादन काही बुडाले नाही. तेव्हा जिथे कमी विषारी औषध चालते, तिथे तेच घ्या, लागेल तेवढेच आणा आणि उरलेले घरात उघड्यावर न ठेवता कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. संकटाची घडी बहुधा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ कुलूप टिकले, तरी पुष्कळ झाले.

कायद्याची भीती घालून गप्प बसवणारे गावात असतात, म्हणून हेही सांगतो. ज्याने असा प्रयत्न केला आणि जो वाचला, तो मोठ्या ताणाखाली होता असे धरूनच चालावे, त्याला शिक्षा करू नये आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारने घ्यावी, असे २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम म्हणते. जुन्या दंडसंहितेतले शिक्षेचे कलमही १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत राहिलेले नाही. तेव्हा पोलिसांच्या धास्तीने घरातला माणूस लपवून ठेवू नका. आणि ज्याला आजच कोणाशी बोलायचे आहे, त्याने १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो टेलिमानसचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. घरच्या माणसाने फोन करून विचारले तरी चालते.

आता निवेदनाकडे. आमदारसाहेबांना देण्याचा कागद आपण पुष्कळ वेळा नुसता फोटोपुरता देतो. त्याला वजन यावे असे वाटत असेल, तर ग्रामसभेचा ठराव जोडा. येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहेच, तिथे विषय घ्या. बायांनी घ्यावा, असे मी सुचवीन. दारूबंदीचे ठराव कोणी रेटले, ते गावाला माहीत आहे. ठरावाच्या प्रती तीन ठिकाणी जाव्यात. जिल्हा परिषदेकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसणाऱ्या जिल्हा नियोजन समितीकडे. ही समिती जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा वाटते, आणि तिच्याकडे रस्त्याची मागणी जाते तशी मनाच्या डॉक्टरची मागणी क्वचितच जात असेल.

ठराव कसा लिहावा, हे लोक विचारतील म्हणून नमुना देतो. लागेल तसा बदलून घ्या:

"आमच्या भागातील रुग्णांना मानसोपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे परवडत नाही. तरी मानसोपचार तज्ज्ञ अथवा प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी यांनी महिन्यातील ठरलेल्या दिवशी मंगरूळपीर येथील ग्रामीण रुग्णालयात तपासणी करावी व तो दिवस दर्शनी फलकावर लावावा. या रुग्णांची औषधे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किमान दोन महिने पुरतील इतकी शिल्लक ठेवावीत. आशा स्वयंसेविकांना या कामाचा मोबदला वेळेवर द्यावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी चालू वर्षी किती रक्कम मंजूर झाली, किती मिळाली व किती खर्च झाली, ते ग्रामपंचायतीस लेखी कळवावे."

शेवटचे वाक्य गाळू नका. पहिल्या तीन मागण्यांवर 'विचाराधीन आहे' असे उत्तर देता येते. चौथीला आकडा द्यावा लागतो. नाहीच आला, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तो आकडा तुमच्या हाती आला, म्हणजे पुढच्या डिसेंबरात तुमचा आमदार, मग तो सत्तेतला असो की विरोधातला, सभागृहात नेमके काय विचारायचे ते जाणून उभा राहील. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते, हे मी सरकारी नोकरीत राहून शिकलो आहे.

ज्या गावाने असा ठराव केला, त्याने एक प्रत या सदराच्या पत्त्यावर जरूर पाठवावी. कोणाला काय उत्तर आले, ते उन्हाळ्यापूर्वी एका अंकात एकत्र छापू.

पुढच्या अंकी घाटे अळीसाठी कामगंध सापळे आणि पक्षीथांबे. हरभरा फुलावर आला असेल, तर तोवर आठवड्यातून दोनदा शेतात चक्कर मारा आणि सापळ्यातले पतंग मोजून ठेवा.